चार बोटं वर

प्रिय ताई,

गेल्या महिन्याच्या तीन तारखेला सकाळी मी पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन तुमच्या धक्क्यावर आलो होतो, ते तुझ्या लक्षात असेल. धुकं इतकं दाट होतं की धक्क्याच्या पायऱ्या चौथ्या पायरीनंतर संपल्यासारख्या वाटत होत्या. नदी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. लाँच पाण्यावर नसून हवेतच कुणीतरी दोराने बांधून ठेवली आहे असं वाटत होतं. तू तिकिटाच्या खिडकीतून हात काढून खूण केलीस आणि मी काही बोलायच्या आत चहाचा कप खिडकीच्या फळीवर ठेवलास. "आज सूर्याच्या आधी सरकार उगवलं," असं म्हणालीस. मग तिकिटांचा गठ्ठा सोडवता सोडवता, वर न बघता विचारलंस, "यंदाही पन्नासच ना रे?" आणि मी म्हणालो, "पन्नासच." चहा संपवला, खाली उतरलो, फळीवर उकिडवा बसलो आणि लाँचच्या बाजूवरची पांढरी रेघ पुन्हा रंगवली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हात न हलू देता. दाजी वरून वाकून म्हणाले, "रेघ मारावी तर आमच्या मेव्हण्याने. सरळ म्हणजे सरळ!" ताई, त्या सकाळी मी ती रेघ रंगवायला आलोच नव्हतो. कशासाठी आलो होतो ते सांगायला मला इतके दिवस लागले.

आपली घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर, आणि मी तुला पत्र लिहितोय. तू म्हणशील, याचं डोकं फिरलं. मागचं पत्र मी तुला लिहिलं होतं ते नोकरीच्या प्रशिक्षणाला गेलो तेव्हा. चार पानं भरून लिहिलं होतं, दोरखंडाच्या गाठी किती प्रकारच्या असतात त्याबद्दल. तू तीन ओळींचं उत्तर पाठवलं होतंस. एका ओळीत जेवत जा, एका ओळीत शेळीला दोन करडं झाली, आणि तिसरीत, गाठी सोडवायच्या कशा तेही शिकवतात का? ते पत्र अजून माझ्या कपाटात आहे.

इकडे सगळं ठीक आहे. हिचा गुडघा कधी बरा कधी वाईट. जिना चढताना ती आता प्रत्येक पायरीला वेगवेगळं नाव ठेवते, आणि सगळी नावं माझ्या नातेवाइकांची असतात. धाकटीची परीक्षा झाली. तिने परवा मला विचारलं की बाबा, तुम्ही सकाळी डोळे मिटून बसता तेव्हा देवाला काय मागता? मी म्हटलं, मी मागत नाही, नुसता बसतो. खरं तर हल्ली बसवतच नाही. डोळे मिटले की अंधार दिसायला हवा, तर मला पांढरी रेघ दिसते.

ती रेघ स्वप्नातही येते. स्वप्नात मी आपल्या जुन्या घरात असतो आणि सगळ्या भिंतींवर सारख्या उंचीला एक पांढरी पट्टी ओढलेली असते. दारावर, कपाटावर, टांगलेल्या सदऱ्यावरही. पाणी हळूहळू चढत असतं, पण कुणाला घाई नसते. पातेली तरंगत असतात, त्यांचा एकमेकांना लागून बारीक आवाज येतो. तू कमरेइतक्या पाण्यात उभी राहून शांतपणे भांडी घासत असतेस आणि म्हणतेस, रेघेच्या खाली आहे अजून, काळजी कशाची? मी रेघेकडे बघतो तर ती तुझ्या हनुवटीला लागलेली असते. मग जाग येते. उजाडलेलं असतं, खिडकीत चिमण्या असतात, आणि मला वाटतं की आपण पाण्यातूनच वर आलो.

तू इतकी वर्षं लाँचच्या शेजारी बसतेस, पण या रेघेचं गणित मी तुला कधी नीट सांगितलं नाही. नवी लाँच तयार झाली की आम्ही ती रिकामी पाण्यात सोडतो. मग माणसांच्या वजनाची वाळूची पोती एकेक करून आत ठेवतो. प्रत्येक वेळी लाँच किती बसली आणि पाण्याच्या वर किती कोरडी राहिली ते मोजतो. एक जागा अशी येते की तिच्या खाली लाँच बसली तर एखादी मोठी लाट, एखादं अचानक वळण, किंवा सगळी माणसं एकाच बाजूला बगळा बघायला धावली, एवढंही ती बुडायला पुरतं. त्या जागेवर सुतार लाकडात एक खाच पाडतो. खाचेवर आम्ही पांढरी रेघ ओढतो. रेघ पाण्याखाली गेली की माणसं उतरवायची, बस्स. पोहता न येणारी बाई पोर कडेवर घेऊन लाँचमध्ये पाऊल टाकते ते या रेघेच्या भरवशावर. तिला हे माहीतही नसतं. मला ही नोकरी आवडली ती याच्यासाठी. गावच्या शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्याला सरकारने एक रेघ ओढायला दिली आणि सांगितलं, ही तुझी.

आता कायद्याची गोष्ट. वर्तमानपत्रात तूही वाचलं असशील की लाचखाऊ अधिकाऱ्यांची शिक्षा वाढली. आमच्या ऑफिसात एक कारकून आहेत, अंगाने भरभक्कम, आणि प्रत्येक गोष्टीत पोटकलम सांगायची सवय. म्हणून त्यांचं नावच पोटकलम पडलंय. त्यांनी नवा कायदा आणून दुपारच्या डब्याच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवला. आतापर्यंत खोटा दाखला देणाऱ्याला दंड व्हायचा, फार तर काही महिन्यांची कैद, आणि तीही बहुतेक वेळा माफ. आता खोट्या दाखल्याने लोकांच्या जिवाला धोका होत असेल तर कमीत कमी सात वर्षं सक्तमजुरी, निवृत्तिवेतन बंद, आणि सूट द्यायचा अधिकार न्यायाधीशालाही नाही. शिपाई म्हणाला, "म्हणजे घेणारे आता जोखमीचा भत्ता वेगळा लावणार." सगळे हसले, मीही हसलो. हसता हसता माझा घास हातातच राहिला, कारण पोटकलमांनी पुढची ओळ वाचली होती. लाभ म्हणजे नुसता पैसा नव्हे. नात्यासाठी, मर्जीसाठी, ओळखीसाठी केलेलं काम तेही लाभच. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "काय साहेब, डबा आवडला नाही का?"

मी आयुष्यात कुणाचा पैसा घेतला नाही. कुणाच्या घरचं नारळपाणीसुद्धा पैसे दिल्याशिवाय प्यायलो नाही. मी स्वतःला हेच सांगत आलो होतो, आणि सांगताना बरं वाटायचं. त्या एका ओळीने ते बरं वाटणं बंद झालं.

कायदा लागू व्हायला महिनाभर अवकाश होता. तो महिना तू आमच्या ऑफिसात बघायला हवा होतास. असा स्वच्छतेचा महिना कधी झाला नव्हता. एका साहेबांच्या घरचा सोफा ज्या टेंपोतून आला होता त्याच टेंपोतून परत गेला, आणि तो उचलणारे हमालही तेच. कुणी जुन्या फायली मागवून पुन्हा तपासल्या, कुणी दिलेले दाखले "नजरचुकीने" म्हणून परत घेतले. पलीकडच्या विभागातल्या एकाने म्हणे भेट मिळालेलं घड्याळ परत केलं आणि आठवडाभर वेळ विचारत फिरत होता. मी विचार करायचो, ही सगळी माणसं काल वाईट होती आणि आज चांगली झाली असं नाही. त्यांना फक्त भिंत जवळ आलेली दिसली. भीतीपोटी आलेला चांगुलपणा देवाला चालत असेल का? मला वाटतं, चालत असेल. ठेच लागून का होईना, माणूस खाली तरी बघतो.

मीही बघितलं. आणि जे दिसलं ते तुला माहीत आहे, ताई. किंवा माहीत असावं असं मला वाटतं. आपण दोघं त्याविषयी कधीच बोललो नाही.

सहा वर्षांपूर्वी दाजींची लाँच पाण्यात उतरली तेव्हा वाळूची पोती मीच ठेवली होती आणि मोज मीच घेतली होती. बेचाळीस माणसं. सुताराने खाच पाडली. त्या संध्याकाळी तू माझ्या घरी आलीस. दारातच बसलीस, हिच्याकडून मटारच्या शेंगा घेऊन सोलू लागलीस. पलीकडच्या दवाखान्याच्या लोकांची ने-आण पन्नास जागांच्या लाँचला मिळणार होती, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तू काही मागितलं नाहीस. शेंगा सोलता सोलता एवढंच म्हणालीस, "पन्नास बसले असते तर बरं झालं असतं." आणि पुढची शेंग घेतलीस. मी तुझ्या हातांकडे बघत होतो. दाणे तळहातावर घेऊन तू ते पातेल्यात सोडत होतीस, आणि तो तळहात मला फार जुना ओळखीचा होता.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच जाऊन खाच पुट्टीने भरली, घासून गुळगुळीत केली, आणि चार बोटं वर नवी खाच पाडली. चार बोटं म्हणजे आठ माणसं. कागदावर पन्नास लिहिलं. पुढच्या आठवड्यात दाजींनी मला मिठी मारली. त्यांना काहीच माहीत नव्हतं, त्यांना वाटलं लाँचच दमदार निघाली. तू मात्र माझ्याकडे बघून पटकन आत गेलीस, आणि त्यानंतर आजपर्यंत मी धक्क्यावर आलो की माझ्या चहात साखर एक चमचा जास्त असते.

तो तळहात कुठला, तेही सांगतो. शाळेत पृथ्वीचा गोल एकच होता, मास्तरांच्या टेबलावरचा, पुठ्ठ्याचा. पृथ्वीवर जमिनीपेक्षा पाणी जास्त आहे असं मास्तरांनी शिकवलं, आणि मला प्रश्न पडला की मग पृथ्वी तरंगते का? मधल्या सुट्टीत मी गोल उचलला आणि ओढ्यावर नेला. तरंगली गं पृथ्वी, थोडा वेळ. गोल गोल फिरत, निळी निळी, उन्हात चमकत गेली. इतकं सुंदर मी त्यानंतर काही पाहिलं नाही. मग ती पाणी प्यायली, शिवणीवर उकलली, आणि माझ्या हातात ओला पुठ्ठा राहिला. वर्गात मास्तरांनी विचारलं, कुणी केलं? माझी चड्डी गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. तू दोन इयत्ता पुढे, त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात. तू उठलीस, पुढे गेलीस आणि हात पुढे केलास. मास्तरांनी माझ्या चड्डीकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. ते मला म्हणाले, "तू इथे ये. उभा राहा. मोज." चार छड्या. मी मोजल्या, मोठ्याने. एकाला माझा आवाज फुटला. दोनला रडू आलं. तीनला मी खाली बघितलं. चौथ्याला, ताई, माझा आवाज सरावला होता. मी "चार" असं साधं म्हणालो, उजळणी म्हणावी तसं. तू घरी जाताना हात ओढ्यात बुडवून बसलीस आणि म्हणालीस, "लागलं नाही मला. तरंगली का रे?" मी म्हटलं, तरंगली.

खाच भरताना मला वाटलं होतं की मी ते चार फटके परत करतोय. आता कळतं की तेव्हाही मी नुसता मोजतच होतो.

सहा वर्षं काही झालं नाही. नदी आपली संथ, दाजींचा हात चांगला. रोजच्या सगळ्या फेऱ्या सुखरूप पलीकडे गेल्या आणि मी त्याला देवाची कृपा म्हणत राहिलो. केवढा निर्लज्जपणा! देवाला मी माझ्या खोट्या रेघेचा राखणदार करून ठेवला होता. रोज सकाळी डोळे मिटून बसायचो ते त्याला कामावर हजर करून घेण्यासाठीच, असं आता वाटतं.

कायद्याची बातमी आल्यावर मी ठरवलं की इतरांसारखं आपणही गुपचूप निस्तरावं. रेघ खाली घ्यावी, दाजींना सांगावं की नवा नियम आलाय, आता बेचाळीसच. महिनाभर रोज ठरवलं. आज वारा आहे, रंग वाळणार नाही. आज बाजाराचा दिवस, गर्दी असेल. आज हिचा गुडघा. असं करता करता कायदा लागू झाला, आणि तीन तारखेला धुक्यात डबा घेऊन मी आलो तो जुनी रेघ पुसायलाच. तू चहा ठेवलास. यंदाही पन्नासच ना, म्हणालीस. तुझ्या आवाजात काही नव्हतं गं, दूधवाल्याला विचारावं तसं विचारलंस. आणि माझ्या तोंडून "पन्नासच" बाहेर पडलं. तोंडाने सांगितलेलं हाताने रंगवलं. ऑफिसात जाऊन वर्षाच्या दाखल्यावर सही केली. म्हणजे सहा वर्षांपूर्वीचं जे होतं ते जुन्या कायद्यातलं, आणि हे नव्यातलं. पुसायला गेलो आणि ताजी करून आलो.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी मी पलीकडच्या काठावर उभा होतो. सकाळची सात वीसची फेरी येत होती. तुझी लेक, माझी भाची, नेहमीसारखी मागच्या बाकावर, दवाखान्याचा पांढरा कोट घडी करून मांडीवर. लाँच गच्च भरलेली, पण रेघ पाण्याच्या वर, चमकत होती, सरळ म्हणजे सरळ. समोरून वाळू वाहणारी मोठी होडी गेली आणि तिची लाट आली. मोठी नव्हती. पण पाणी काठावरून आत आलं, असं अगदी सहज, कुणी उंबरा ओलांडून घरात यावं तसं. लोकांनी पाय वर घेतले, हसले. भाचीने पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मला बघून हात हलवला. "मामा, नदीच आमच्याबरोबर कामाला यायला निघालीय!" असं उतरताना म्हणाली. तिचे जोडे ओले होते. ते ओले जोडे घेऊन ती दिवसभर आजारी माणसांमधून फिरली असेल.

तरीही मी काही केलं नाही. म्हटलं, पुढच्या महिन्यात रेघ खाली घेऊ, आपल्याच घरची एक लाँच तर आहे.

एक असती तर कदाचित तसंच केलं असतं. पण आमच्याकडे एक पद्धत आहे. एकाच साच्यावर लाँच बांधल्या की प्रत्येक वेळी पोती भरून मोज घेत नाहीत. पहिल्या लाँचचा कागद काढतात, त्यालाच मूळ कागद म्हणतात, आणि त्यावरची उंची पुढच्या लाँचवर उतरवतात. दाजींची लाँच चांगली चालते हे बघून त्याच सुताराने त्याच साच्यावर गेल्या वर्षात तीन लाँच बांधल्या. वरच्या अंगाच्या तीन धक्क्यांवर त्या चालतात. त्यांचं काम आमच्या नव्या निरीक्षक मुलीकडे आहे. तिच्या कमरेला सतत मोजपट्टी असते, ऑफिसात तिला टेपवाली म्हणतात. तिला पोती भरून नव्याने मोजायचं होतं. मीच तिला म्हणालो होतो, "अगं, साचा तोच आहे, मूळ कागद माझा आहे, कशाला पोती उचलतेस?" सात दिवसांपूर्वी ती तिन्ही लाँचचे या वर्षीचे दाखले घेऊन माझ्या टेबलाशी आली. खाली तिची नवीकोरी सही, शाई अजून चमकत होती. म्हणाली, "सर, तुमच्या कागदावर डोळे झाकून सही केली." आणि हसली. तिच्या लग्नाला अजून वर्ष झालेलं नाही.

मी त्या कागदांकडे बघत राहिलो. नदी ओलांडणाऱ्या तीन रेघा, तिन्ही चार बोटं वर. उद्या एखादी लाँच बुडाली तर माणसं जातील, आणि मागे सात वर्षांसाठी ही मुलगी आत जाईल. कायदा सही बघेल. तो कडक झालाय, आंधळा नाही, पण त्याला कागदावर जे आहे तेच दिसणार. आणि मी बाजूला उभा राहून मोजीन, एक वर्ष, दोन वर्षं, तीन, आणि चौथ्या वर्षी माझा आवाज सरावेल. मला पोटकलमांच्या वाचनाची भीती वाटली होती ती खरी, पण ती स्वतःपुरती होती. ही भीती वेगळी. ही आली तेव्हा मला पुन्हा ओल्या चड्डीत उभं असल्यासारखं झालं.

त्यानंतरचे सहा दिवस मी रोज सकाळी तुमच्या धक्क्यावर येऊन उभा राहिलो आणि बेचाळीस झाले की साखळी ओढून म्हणत होतो, "बाकीचे पुढच्या फेरीला." दाजी वैतागले. तू हिला फोन करून विचारलंस, याला घरात कुणी ओरडतं का, सारखा इथे का येऊन उभा राहतो? दोघी खूप हसलात म्हणे. मला मात्र वरच्या तीन धक्क्यांवर उभं राहायला आणखी तीन शरीरं नव्हती. त्या सहा दिवसांचंही उत्तर मला द्यायचं आहे. वारा पडू दे, एवढंच मी देवाला मागितलं, आणि डोळे उघडे ठेवून मागितलं.

आज आठवड्याचा बंद. चारही लाँच बांधलेल्या आहेत, एकही फेरी नाही, म्हणून आजचा दिवस धरला. सकाळी हिला सगळं सांगितलं. तिने उठून माझा सदरा इस्त्री केला आणि म्हणाली, "जिन्याच्या एका पायरीला तुमचं नाव द्यायचं राहिलंय." ऑफिस उघडताच आधी टेपवालीला सांगितलं. तिचं तोंड पांढरं पडलं. माझ्याविषयी ती एक शब्द बोलली नाही, एवढंच म्हणाली, "मग माझ्या तिन्ही लाँच?" आणि कमरेची पट्टी चाचपली. मला तिचा अभिमान वाटला. मोठ्या साहेबांनी दार लावून घेतलं आणि विचारलं, "एवढ्यात कुणाला कळलंय का? नाही ना? मग?" मी म्हटलं, मला कळलंय. दहा वाजून दहा मिनिटांनी मी जबाबावर सही केली. पोटकलमांनी तो टाइप केला. पहिल्यांदाच त्यांनी एकही कलम तोंडाने म्हटलं नाही, आणि कागद माझ्यापुढे सरकवताना त्यांचा हात माझ्या हातावर थोडा जास्त वेळ राहिला. जबाबात एक प्रश्न होता, हे करायला तुम्हाला कुणी सांगितलं? मी लिहिलं, कुणीही नाही. ते खोटं नाही, ताई. तू बोललीस, ऐकण्याचं काम माझं होतं. मटारचं, चहाचं, तुझ्या दोन्ही वाक्यांचं मी जसंच्या तसं लिहिलं आहे. आता पोलिसांची गाडी येईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून हे लिहितोय. हे पत्र घेऊन जी तुझ्यासमोर उभी आहे ती तीच मुलगी, टेपवाली. तिच्या हातात चारही लाँच थांबवण्याचा हुकूम आहे आणि रंगाचा डबा आहे. तिच्यावर रागावू नकोस, तिला आधी पाणी दे. जुनी खाच अजून तिथेच आहे, दाजींना म्हणावं चावीने खरवडा, पुट्टी निघेल. बेचाळीस माणसांची लाँच काही वाईट नसते. मी पत्र लिहिलं ते याच्यासाठी की तू मला ठाऊक आहेस. उद्या-परवा चौकशीवाले तुझ्याकडे येतील, विचारतील, तुझ्या मागेही काही लागेल, ते मला टाळता येणार नाही. आणि तू, पदर खोचून उठशील, पुढे जाशील आणि म्हणशील की मीच करायला लावलं त्याला, तो साधा आहे. तसं म्हणू नकोस. जेवढं बोललीस तेवढंच सांग, शेंगेच्या एका दाण्याएवढंही जास्त नाही. सात वर्षं होतील, मी छप्पन्नचा होईन, तेव्हा धक्क्यावर येऊन तुझा चहा पिईन, साखर बेताची. पृथ्वी तरंगली होती, ते मी त्या दिवशी खरं सांगितलं होतं. पण ती बुडाली ती माझ्या हातून, हे सांगायचं राहिलं होतं, ते आज सांगून झालं. या वेळी हात मी पुढे केला आहे. तू तुझा मागेच ठेव.

तुझाच,
ओल्या चड्डीतला धाकटा